ताण्याचा दोष, बाण्याचा दोष

कापडातला दोष ओळखायला भिवंडीत कुणाला शिकवावं लागत नाही. तागा टेबलावरून सरकत असतो, तपासणारा माणूस शेजाऱ्याशी क्रिकेटवरून भांडत असतो, आणि तरी तुटलेल्या धाग्यापाशी त्याचं बोट बरोबर येऊन थांबतं. लांबीभर रेघ म्हणजे ताण्याची भानगड, आडवा पट्टा म्हणजे बाण्याची. निदान संपलं! हाच माणूस ऑफिसातल्या रंगीत कॉपियरसमोर उभा राहिला की मात्र बावचळतो. मशीनवर थाप मारायची, बंद करून चालू करायचं, टोनरचा डबा काढून गदागदा हलवायचा. तिन्ही औषधं संपली की आरोळी उठते, ‘अरे, इंजिनीअरला फोन लावा!’

फोन लावायला घाईही तशीच असते. काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली या पट्ट्यात गोदामांना गोदामं चिकटलेली. मालाच्या जीएसटी बिलाच्या तीन प्रती काढायच्या: एक घेणाऱ्याला, एक वाहतूकदाराला, एक देणाऱ्याला. बाहेर ट्रक गुरगुरतोय, ड्रायव्हर खिडकीत हात पसरून उभा, आणि बिलावर नेमकी गाडी नंबरातून एक काळी रेघ आरपार गेलेली.

खरं तर या रेघेचं शास्त्र लूमवाल्याला पाठच आहे. कागद ज्या दिशेनं धावतो त्या दिशेला सलग रेघ असेल, तर गुन्हेगार एका जागी गप्प बसलेला असतो: काचेवरचा ठिपका, ब्लेडला अडकलेलं कुसळ. आडवे पट्टे ठरावीक अंतरावर येत असतील, तर काहीतरी फिरणारं बिघडलंय. म्हणजे ताणा-बाणाच. फसगत एवढीच, की ऑफिसातल्या मोठ्या मशीनमध्ये ए-४ कागद बहुधा रुंद बाजूनं शिरतो. मग बिलावर आडवी दिसणारी रेघ मशीनच्या लेखी उभी असते, आणि सगळं ऑफिस चुकीच्या संशयिताला पकडून बसतं.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: रेघ कॉपीवर येते, की कॉम्प्युटरवरून दिलेल्या प्रिंटवरही? प्रिंट स्वच्छ असेल तर ड्रम, टोनर, बेल्ट सगळे निर्दोष; दोष स्कॅनरचा. आता तोच कागद वरच्या फीडरमधून न घालता झाकण उघडून मोठ्या काचेवर ठेवायचा. रेघ गेली? मग मोठ्या काचेच्या कडेला बोटभर रुंदीची एक अरुंद काच असते, तिकडे बघा. फीडरमधून येणारा प्रत्येक कागद तिच्यावरून सरकतो, त्यामुळे तिथला साबुदाण्याएवढा व्हाइटनरचा थेंब पानभर रेघ होऊन उतरतो. मऊ कापड जरासं ओलं करून पुसलं की काम झालं. कापडाच्या गावात या कामासाठी इंजिनीअरची वाट बघितली जाते, हे मात्र थोडं अतीच होतं.

आडव्या डागांसाठी पट्टी लागते. एकच डाग पानावर पुन्हापुन्हा उमटत असेल तर दोन डागांमधलं अंतर मोजायचं. ते अंतर म्हणजे फिरणाऱ्या भागाचा परीघ. ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर ओरखडा असेल, तर डाग साधारण ९४ मिलिमीटरवर परत येणार. शाळेत गणितातल्या ‘पाय’ला (π) शिव्या घातलेल्या कारकुनाला इथे त्याची पहिल्यांदा गरज पडते. प्रत्येक रोलरचा व्यास वेगळा, म्हणून अंतरही वेगळं. सर्व्हिसच्या पुस्तकात त्याचा तक्ताच असतो.

रंगांचं प्रकरण जरा नाजूक. निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशी चार बिऱ्हाडं एकाच बेल्टवर आपापला रंग टाकत असतात. मॅजेंटानं दांडी मारली की उरतात सायन आणि पिवळा, आणि त्यांचं मिळून हिरवं होतं. दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर शेठचा चेहरा शेवाळी उमटतो. ‘शेठ, तब्येत बरी आहे ना?’ असं विचारायची कुणाची छाती होत नाही. पत्रं तशीच वाटली जातात. वास्तविक चारही रंगांचं एकेक पान वेगळं काढून बघितलं असतं, तर काम चुकवणारा लगेच सापडला असता. दोष एकाच रंगात असेल तर त्या रंगाचं बिऱ्हाड तपासा, चारही रंगांत असेल तर बेल्ट किंवा टोनर तापवून कागदावर पक्का करणारा फ्यूजर.

आणि पावसाळा! जुलैमध्ये कामवारी नदी फुगते, तसा उघड्यावर पडलेला कागदाचा रीमही ओल धरतो. टोनरची भुकटी विजेच्या ओढीनं कागदावर उतरते. दमट कागदात ती ओढ टिकत नाही. मग ठसठशीत काळ्या पट्ट्याच्या जागी डागाळलेली भिंत दिसते. डागडुजी अगदी फुकटातली: रीमचं वेष्टन लागेल तेव्हाच फोडायचं आणि उरलेला कागद पुन्हा त्यातच गुंडाळायचा. तरीही बिचारा टोनर बदलला जातो.

या यंत्राच्या जन्माला कापडाचाच हात लागलेला आहे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्याचा मदतनीस ओटो कोर्नाय यांनी गंधक लावलेला जस्ताचा पत्रा सुती रुमालानं घासून त्यावर वीज खेळवली आणि जगातली पहिली कोरडी नक्कल काढली. पुढे वीसहून अधिक कंपन्यांनी कार्लसनला वाटेला लावलं. १९५९ साली झेरॉक्स ९१४ लोकांसमोर आलं, तेव्हा त्यात कागद कधीकधी पेटायचा, म्हणून सोबत आग विझवण्याचं नळकांडं दिलेलं असायचं. त्याचं नाव ठेवलं होतं ‘स्कॉर्च एलिमिनेटर’, म्हणजे करपनिवारक. आगीला आग म्हणायचं नाही, ही विक्रेत्यांची रीत तेव्हापासूनची.

सगळ्यात अवघड दुखणं मात्र खास याच गावाला शोभणारं. व्यापारी शर्टिंगचा तुकडा थेट काचेवर ठेवतो, रंगीत कॉपी काढतो, आणि कापडावर नसलेल्या लाटा कागदावर तरंगू लागतात. इंजिनीअर येतो, ड्रम बदलतो, बेल्ट पुसतो. लाटा तिथेच. कारण दोष कशातच नाही. कापडात धाग्यांची जाळी, छपाईत ठिपक्यांची जाळी. दोन्ही एकमेकींवर पडल्या की तिसरीच नक्षी जन्माला येते. उपाय दोनच: फोटो मोड लावून बघा, नाहीतर तुकडा काचेवर थोडा तिरका ठेवा.

हे ऐकून व्यापारी भडकतो. ‘अहो, तिरका धागा दिसला तर पार्टी अख्खा माल परत पाठवते!’