दोन रेघांआडचा गणपती

पारशिवनी असो की पुणे, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर गणपती येतो तो दोन्हीकडे दुहेरी रेघांचा पहारा घेऊनच: ॥ श्री गणेश प्रसन्न ॥. हाच मजकूर कुणी घाईत कीबोर्डवरच्या साध्या उभ्या रेघा वापरून डिस्कॉर्डवर टाकला, की विघ्नहर्ता पट्टीखाली गडप! तिथे दुहेरी रेघा म्हणजे रहस्य. टिचकी मारल्याशिवाय दर्शन नाही.

रेडिटचं सोवळं आणखी कडक. रहस्य >! ने झाकायचं, !< ने बांधायचं. जुन्या रेडिटवर पहिल्या खुणेनंतर एक मोकळी जागा सुटली, की ‘सैराट’चा शेवट चव्हाट्यावर.

युनिकोडात देवनागरी दुहेरी दंडाला (॥) स्वतंत्र जागा आहे आणि तो काहीही झाकत नाही. पत्रिका पाठवणाऱ्यांनी तोच वापरावा.