फॉरमॅट मारूया की!

बापू तुम्हाला माहीत आहे. तुमच्या गल्लीत त्याचं नाव वेगळं असेल, पण किल्ल्यांच्या जुडग्यात मोटारसायकलच्या किल्लीशेजारी पेनड्राइव्ह अडकवणारा, त्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज कायम तयार ठेवणारा, आणि कुणाच्या घरी लॅपटॉप उघडा दिसला की चप्पल काढता काढताच ‘काय झालंय?’ असं विचारणारा माणूस प्रत्येक गल्लीच्या वाट्याला एक आलेलाच असतो. बापूकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे, खिशात बारका स्क्रूड्रायव्हर आहे आणि सगळ्या रोगांवर एकच औषध आहे. लॅपटॉप हळू चालतोय? फॉरमॅट मारूया की. वायफाय लागत नाही? फॉरमॅट मारूया की. स्क्रीनची बिजागरी ढिली झाली आहे? इथं मात्र बापू क्षणभर विचारात पडतो, बिजागरी दोनदा मागेपुढे करून बघतो आणि म्हणतो, ‘ते बी करूया, पण आधी फॉरमॅट मारूया की.’ अशा माणसाला अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. माझं म्हणणं तसं नाही. बापूला बरंच काही येतं. त्याला दम तेवढा निघत नाही, आणि तो निघू नये याची व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून केलेली आहे. हे दाखवायला लॅपटॉपमधल्या मेमरी कार्ड रीडरइतका चांगला साक्षीदार मिळणार नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेहून पाहुण्याचा कॅमेरा घरी येतो. सासनकाठ्यांचे, गुलालात न्हालेल्या गर्दीचे शेकडो फोटो कार्डावर असतात. कार्ड लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत जातं आणि पुढं काहीच घडत नाही. आवाज नाही, खिडकी नाही, ड्राइव्ह नाही. आता असं बघा, की ही खाच म्हणजे आत मदरबोर्डावर बसवलेल्या एका बारक्या चिपचं तोंड. पुष्कळ लॅपटॉपांत ती रिअलटेकची असते आणि आतल्या आत यूएसबीच्या नाहीतर पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेनं जोडलेली असते. कार्ड दिसत नाही याचा अर्थ एक तर कार्ड गेलंय, नाहीतर रीडर गेलाय, नाहीतर दोघंही ठणठणीत आहेत आणि विंडोजलाच त्यांची ओळख पटलेली नाही. यातलं खरं काय हे ठरवायला एक रुपयाही लागत नाही. हेच कार्ड दुसऱ्या यंत्रात घालायचं आणि दुसरं कार्ड या यंत्रात. दोन मिनिटांत निम्मा प्रश्न निकालात निघतो. पण या दोन मिनिटांत बापूचं पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यातून सुटून हातात आलेलं असतं. थर्मामीटर लावायच्या आधी सलाईनची बाटली टांगणाऱ्या डॉक्टराला आपण नावं ठेवतो. बापूला मात्र चहा ठेवतो.

खरी कारणं बघायला गेलं तर इतकी किरकोळ असतात की बापूला त्यांची लाज वाटत असावी. खाचेत धूळ जाऊ नये म्हणून कित्येक कंपन्या नव्या लॅपटॉपमध्ये कार्डाच्याच आकाराची प्लॅस्टिकची खोटी पट्टी घालून देत. ती वर्षानुवर्षं तिथंच बसून राहते. ती उलटी करून बघितली तर कळतं, की खऱ्या एसडी कार्डाच्या पाठीवर नऊ सोनेरी पट्ट्या असतात आणि हिच्या पाठीवर एकही नाही. पण उलटी करून बघणं हे निदानात मोडतं. बापू ती पट्टी नुसती दाबून पुन्हा आत ढकलतो आणि ‘कार्ड करप्ट हाय, फॉरमॅट मारूया की’ असा निकाल देतो. विंडोज 7 पासून रिकामा ड्राइव्ह दाखवायचाच नाही असं सेटिंग मुळातच असतं. त्यामुळं कार्ड न घालता ‘रीडर दिसंना’ ही तक्रार करणारे लोक भेटतात, तसे कार्ड न घालताच ती तक्रार मान्य करणारे बापूही भेटतात. कधी कार्डाला ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नसतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते दिलं की काम झालं. कधी बँकेनं नाहीतर पतसंस्थेनं दिलेल्या लॅपटॉपमध्ये रीडर बायोसमधूनच बंद केलेला असतो, आणि तिथं विंडोज दहा वेळा नव्यानं टाकलं तरी ढिम्म फरक पडत नाही. कधी यात्रेतला गुलाल कार्डाबरोबर खाचेत गेलेला असतो. तो मऊ ब्रशनं झाडायचा, कार्डाच्या पट्ट्या हलक्या हातानं पुसायच्या, एवढंच.

आणि कधी दोष कुणाचाच नसतो, वयाचा असतो. एसडी कार्ड 1999 साली सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून आणलं. 2006 साली त्याची एसडीएचसी ही मोठी आवृत्ती आली, 32 जीबीपर्यंतची. 2009 साली एसडीएक्ससी आली, तिची मर्यादा 2 टीबी. तिन्ही कार्डं दिसायला सारखीच. लांबीरुंदीत केसाचाही फरक नाही. पण पहिल्या पिढीच्या रीडरला दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं कार्ड वाचता येईलच असं नाही. थोरल्या भावाच्या कॉलेजच्या दिवसांतला लॅपटॉप, त्यात धाकट्यानं काल आणलेलं 128 जीबीचं कार्ड, आणि दोघांची भाषा जुळत नाही. कार्डावर ठळक अक्षरांत ‘एक्ससी’ छापलेलं असतं. ते वाचायला चष्मा लागेल फार तर, फॉरमॅट लागत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘पण बापूनं फॉरमॅट मारल्यावर चालू होतं की!’ होतं ना. पुष्कळदा होतं. पण कशानं होतं, हे बघायला हवं. विंडोज 8 पासून ‘शट डाउन’ केलं तरी यंत्रणेचा गाभा पुरता बंद होत नसतो. त्याची स्थिती जपून ठेवलेली असते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं. पुरतं बंद होऊन नव्यानं सुरू व्हायचं तर ‘रीस्टार्ट’ करावं. शिवाय चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं की अडून बसलेली चिप काही वेळा भानावर येते. बापूच्या अडीच तासांच्या फॉरमॅटमध्ये लॅपटॉप चार वेळा रीस्टार्ट होतो आणि शेवटी इंटरनेट लावल्यावर विंडोज रीडरचा ड्रायव्हर आपणहून आणून बसवतं. रोग बरा केला तो या दोन गोष्टींनी, आणि त्या वेगळ्या करायला दहा मिनिटं पुरली असती. फॉरमॅटनं त्यात स्वतःची भर घातली ती एवढीच, की काकांची टॅलीची फाइल, पोरीचा प्रोजेक्ट आणि ब्राउझरमध्ये जपलेले सगळ्या घराचे पासवर्ड गेले. बापूच्या शास्त्राची खुबी अशी की त्याला खोटं पाडताच येत नाही. रीडर चालू झाला तर फॉरमॅटचा गुण; नाही झाला तर ‘मग हार्डवेअर गेलंय, मी काय करणार?’

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो खास कोल्हापूरचा आहे. इथला माणूस यंत्र खोलूनच शिकला, असं अभिमानानं सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता आपले सहकारी दामले यांना हाताशी धरून कॅमेरा इथंच तयार केला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला त्याची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. शिवाजी उद्यमनगरात पिढ्यानपिढ्या लेथवर उभ्या राहिलेल्या कारागिरांनी पुस्तकं न वाचता इंजिनं दुरुस्त केली. मग बापू हा त्याच वंशातला नव्हे काय? वंशातला आहेच, पण वाटणीत त्याला निम्मीच इस्टेट मिळाली. उद्यमनगरातला मिस्त्री इंजिन खोलायच्या आधी ते ऐकतो. बेअरिंग कुठं कुरकुरतंय, धूर काळा आहे की पांढरा, हात लावला तर चटका कुठं बसतो, हे सगळं बघून मग पाना उचलतो. खोलल्यावर दोष समोर दिसतो, तुटलेली रिंग हातात येते. कार्ड रीडरची चिप कुरकुरत नाही, धूर सोडत नाही, आणि खोलून बघितली तर चांगली आणि गेलेली दोन्ही सारखीच काळी दिसते. तिचं ऐकायचं तर डिव्हाइस मॅनेजर उघडावं लागतं. तिथं पिवळं त्रिकोणी चिन्ह आहे का, कार्ड घातल्या-काढल्यावर यादी हलते का, रीडरचं नावच यादीत नाही का, हे बघावं लागतं. तिचं कुरकुरणं हेच. बापूनं मिस्त्रीचं धाडस घेतलं आणि त्याचा कान तिथंच ठेवला.

पण कान ठेवून येण्याला बापू एकटा जबाबदार नाही. एखादा शहाणा मुलगा येऊन मुकाट्यानं प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढतो, खरं कार्ड घालतो आणि फोटो दिसू लागतात. त्याला आपण काय म्हणतो? ‘एवढंच होतं होय?’ हे म्हणताना आवाजात उपकारापेक्षा फसवणूक झाल्याचा सूर जास्त असतो. याउलट बापू निळ्या स्क्रीनसमोर अडीच तास बसला, मध्येच डोकं हलवून ‘लई व्हायरस हुते’ म्हणाला, की घरातली सगळी माणसं त्याच्याभोवती गोळा होतात, वहिनी दुसऱ्यांदा चहा टाकतात आणि म्हातारे आजोबा ‘पोरगं हुशार आहे’ असा शेरा मारतात. निदानाला आपल्याकडं टाळी नाही. ती उपचाराला आहे, आणि उपचार जितका दांडगा तितकी मोठी. ही रीत फक्त लॅपटॉपपुरती असती तर या लेखाची गरज नव्हती. खड्डा का पडतो हे न बघता रस्ताच नव्यानं करणारी नगरपालिका आणि मुलगा नापास का झाला हे न बघता क्लासच बदलणारा बाप, हे दोघं फॉरमॅटच मारत असतात. टाळ्या त्यांनाही पडतात.

आता बापूच्या बाजूनं बोलायचं तर बोलावं लागेलच, टाळून चालणार नाही. लॅपटॉपमधला रीडर खरोखरच गेला, तर तो बहुधा मदरबोर्डाचा भाग असल्यामुळं रीतसर दुरुस्ती म्हणजे बोर्ड बदलणं, आणि त्याचा आकडा ऐकून माणूस नवीन लॅपटॉपच बघायला लागतो. अशा वेळी ‘ऱ्हाऊ दे वहिनी, दोनतीनशेचा यूएसबी रीडर घ्या आणि भायेरनं लावा’ असं सांगणारा बापूच असतो, आणि हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अचूक निदान असतं. तो पैसे मागत नाही. रात्री दहाला बोलावलं तरी येतो. 2019 च्या महापुरात पाणी ओसरल्यावर लोकांचे चिखलानं भरलेले लॅपटॉप खोलून उन्हात मांडणारी माणसं याच जातकुळीची. त्या दिवसांत फॉरमॅटचं नाव काढायला समोर चालू यंत्रच नव्हतं, आणि म्हणूनच की काय, तेव्हा त्यांनी आधी नीट बघितलं. गंमत म्हणजे बापूचा उतावीळपणाच कधीकधी फोटो वाचवतो. कार्डात गडबड असली की विंडोज स्वतःच ‘आधी फॉरमॅट करा’ असं सुचवतं (मायक्रोसॉफ्टमध्येही कुणी बापू असणार), आणि बापू लगेच ‘हो’ म्हणतो; पण पूर्ण फॉरमॅटला वेळ लागतो म्हणून तो ‘क्विक’चीच खूण ठेवतो. पूर्ण फॉरमॅट सगळ्या कार्डावर शून्यं लिहीत सुटतो. क्विक फॉरमॅट फक्त यादी पुसतो, फोटो जागच्या जागी राहतात. बापूला दम असता तर जोतिबाचे फोटो कायमचे गेले असते.

हा माणूस फार दिवस टिकेल असं वाटत नाही. ॲपलनं 2016 साली मॅकबुक प्रोमधून कार्डाची खाच काढून टाकली, 2021 साली छायाचित्रकारांच्या आग्रहापुढं ती परत आणली; पण हलक्या, पातळ लॅपटॉपांत ती दिसेनाशी होत चालली आहे. मेमरी बोर्डावरच चिकटवलेली, झाकण गोंदानं बंद, फोटो थेट फोनमधून ढगात. खोलायला काही उरलं नाही की स्क्रूड्रायव्हर खिशात कशाला ठेवायचा? नवी पोरं बिघडलेलं यंत्र देऊन दुसरं घेतात, आणि त्या व्यवहारात रात्री दहाला कुणाच्या घरी चहा होत नाही.

तोवर बापूला बोलावत राहा. पण तो यायच्या आधी खाचेतली पट्टी बघा, कार्ड दुसऱ्या यंत्रात घालून बघा आणि लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा. आणि त्यानं कार्डावर फॉरमॅट मारलाच, तर त्या कार्डावर पुढं एकही फोटो काढू नका. तसंच बाजूला ठेवा आणि फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यावर चालवा. फोटो बहुधा परत येतील. ते चालवायला बापूलाच बसवा. त्याला ते जमतं.