सरंजामी खेळाडू

ज्या खेळात खेळाडूचे शरीर हेच त्याचे प्रशस्तिपत्र असते त्या खेळाला वस्त्रांची फारशी मातब्बरी वाटत नाही, आणि ज्या खेळात शरीर लोकांपुढे मांडण्याजोगे उरलेले नसते त्या खेळाच्या वस्त्रांना मात्र स्वतंत्र कपाट लागते, असा आमचा एक सिद्धान्त आहे. हा सिद्धान्त आम्हांला बत्तीस शिराळ्यात सुचावा यात नवल नाही. मोरणेकाठचा हा मुलूख कुस्तीचा. याच तालुक्यातील पुनवत गावचे गणपतराव आंदळकर 1960 साली हिंदकेसरी झाले आणि 1962 साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आले. आणि ज्या तांबड्या मातीत असे पुरुष घडतात तिच्यात उतरताना अंगावर लंगोटाखेरीज काही लागत नाही. ताक, तेल आणि हळद घालून मळलेली ती मातीच पुढे अंगाला लागून पोशाखाचे उरलेसुरले काम उरकते. अशा गावातून उठून एखादा मनुष्य जेव्हा गोल्फ खेळू लागतो, तेव्हा त्याच्या जीवनात जी वस्त्रविषयक क्रांती घडते तिची कल्पना लंगोट वाळत घालण्याच्या दोरीवरून येणे शक्य नाही.

आमचे साहेब हे त्या क्रांतीचे मूर्तिमंत उदाहरण. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ते एकटे नाहीत. येरवड्यास, चेंबुरास, जेथे जेथे म्हणून 18 भोकांची हिरवळ अंथरलेली आहे तेथे तेथे ते निरनिराळ्या नावांनी वावरत असतात. वडील चाकरीसाठी मुंबईस गेले, चिरंजीव शिकले, एका मोठ्या कंपनीत पायरी पायरीने चढत पन्नाशीच्या सुमारास अशा हुद्द्यावर पोहोचले की जेथे काम कमी होते आणि रक्तदाब वाढतो. डॉक्टरांनी चालायला सांगितले. परंतु एवढ्या हुद्द्याच्या माणसाने नुसते चालावे हे शोभणारे नव्हते. चालण्याला काहीतरी भारदस्त निमित्त हवे होते, आणि ते निमित्त एका पांढऱ्या चेंडूच्या रूपाने साहेबांच्या पुढे पुढे धावू लागले. तेव्हापासून आजतागायत साहेब त्याच्या मागे आहेत, आणि चेंडू बहुधा झाडीत आहे.

खेळ शिकावयास आरंभ करण्यापूर्वी साहेबांनी खेळाच्या पोशाखाची नियमावली पाठ केली, आणि तिच्यात त्यांना जे समाधान लाभले ते पुढे खेळात कधीच लाभले नाही. सदऱ्याला कॉलर असलीच पाहिजे, सदरा विजारीत खोचलेलाच पाहिजे, जीन्स वर्ज्य, आखूड विजार घालावयाचीच झाली तर ती गुडघ्याशी सलगी राखणारी असावी. अशी कलमे बहुतेक क्लबांच्या दप्तरी असतात, आणि सामान्य सभासद ती नाइलाज म्हणून पाळतो. साहेब ती धर्मशास्त्र म्हणून पाळतात, एवढेच नव्हे तर त्यांवर भाष्य रचतात. पट्टा पांढरा असेल तर जोडाही पांढरा हवा. टोपीवरचा रंग सदऱ्याच्या पट्ट्यांत निदान एकदा तरी आला पाहिजे. छत्री एवढी मोठी असावी की तिच्याखाली ग्रामपंचायतीची बैठक भरावी, पण तिचा दांडा मात्र पिशवीच्या रंगाशी फटकून असता कामा नये. पिशवीत जास्तीत जास्त 14 काठ्या ठेवता येतात असा खेळाचा कायदा आहे. तसा कायदा कपाटाला नाही याबद्दल साहेब कायदेमंडळाचे मनोमन आभार मानतात.

खेळाच्या दिवशी साहेब पहाटे उठतात. देवपूजेला जेवढा वेळ लागतो तेवढाच इस्त्रीच्या तपासणीला लागतो. विजारीची घडी पाहताना ते दिव्याच्या बाजूस तोंड करून उभे राहतात आणि एक डोळा मिटून ती रेषा मांडीपासून घोट्यापर्यंत अशा बारकाईने न्याहाळतात की मोजणीदाराने शेताची हद्दही तशी न्याहाळली नसेल. परीट हा या घरातील सर्वांत जबाबदारीचा माणूस. एकदा त्याने सदऱ्याच्या कॉलरीचे टोक किंचित वर वळू दिले, तेव्हा साहेबांनी त्या दिवसाच्या प्रत्येक चुकलेल्या फटक्याचा उगम त्या टोकात असल्याचे साधार सिद्ध करून दाखविले. बाईसाहेब या सगळ्याकडे दारातून पाहत असतात. “लग्नाच्या दिवशी एवढं आवरलं असतं तर फोटो बरे आले असते,” एवढाच शेरा त्या देतात, आणि साहेब तो दाखल करून न घेता हातमोज्याकडे वळतात.

हातमोजा हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. उजव्या हाताने खेळणारा गोल्फकर मोजा फक्त डाव्या हातात घालतो. वर्षानुवर्षे उन्हात खेळल्यामुळे त्याचा उजवा पंजा सह्याद्रीतल्या धनगरासारखा रापतो आणि डावा पंजा सावलीतल्या नवरदेवासारखा गोरा राहतो. पायमोज्यांच्या वरची पोटरी आणि खालचे पाऊल यांच्यातही अशीच सरहद्द पडते. सामान्य मनुष्य हा वर्णभेद लपवील. साहेब सभेत बोलताना दोन्ही पंजे टेबलावर शेजारी शेजारी ठेवतात, आणि कोणी विचारीपर्यंत ते तेथून हलवीत नाहीत.

मैदानावर पोहोचल्यावर खेळ सुरू होतो असे लोकांस वाटते. वस्तुतः तेथे प्रदर्शन सुरू होते. साहेब चेंडूमागे उभे राहतात, काठी दोनदा हवेत फिरवून पाहतात, टोपी नीट करतात, पुन्हा उभे राहतात आणि मग तो फटका मारतात ज्याच्यासाठी एवढा सरंजाम जमविलेला असतो. फटक्यानंतर काठी डाव्या खांद्यामागे, छाती लक्ष्याकडे, उजव्या पायाची टाच उंच, अशी एक मुद्रा धारण करावयाची असते, आणि चेंडू खाली पडेपर्यंत ती सोडावयाची नसते. निष्णात खेळाडूच्या बाबतीत ही मुद्रा फटक्याचा परिणाम असते. साहेबांच्या बाबतीत ती फटक्यापासून सर्वस्वी स्वतंत्र आहे. चेंडू उजवीकडच्या बाभळीत शिरला, कावळे उडाले, तरी साहेब त्या मुद्रेत अविचल.

“साहेब, बॉल झाडीत गेला,” काठ्यांची पिशवी सांभाळणारा कॅडी अदबीने सांगतो.

“ते राहू दे. शेवटची पोझ कशी होती?”

“पोझ एक नंबर, साहेब. टीव्हीवर दाखवत्यात तशी.”

या कॅडी मंडळींचे मुत्सद्देगिरीतले नैपुण्य पूर्वी दरबारी वकिलांच्या अंगी असे. खेळातील तथ्य सांगावयाचे आणि पोशाखातील सत्य वाढवून सांगावयाचे, या दोहोंचा त्यांनी असा मेळ घातलेला आहे की साहेब प्रत्येक भोकाला तीन-चार फटके जास्त मारूनही प्रसन्न मुद्रेने घरी येतात. भोकाचा व्यास सव्वाचार इंच आणि पोशाखाचा विस्तार एवढा. मग दोहोंपैकी कशात यश मिळणे अधिक संभवनीय, हे सांगावयास ज्योतिषी नको.

कोणी या खर्चाबद्दल कैफियत मागितली, तर साहेब इतिहासाचा आधार घेतात. इतिहास त्यांच्या बाजूस आहे हे कबूल केलेच पाहिजे. स्कॉटलंडात हा खेळ गावच्या सार्वजनिक कुरणात चाले, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला चेंडूचा धोका दुरूनच कळावा म्हणून जुने गोल्फकर लाल अंगरखे घालीत. म्हणजे या खेळातील पहिला पोशाख हा वस्तुतः एक जाहीर इशारा होता. ब्रिटिश बेटांबाहेरचा पहिला गोल्फ क्लब 1829 साली आपल्या कलकत्त्यास निघाला, हे साहेब अशा आवाजात सांगतात की त्याच्या स्थापनेच्या ठरावाला अनुमोदन त्यांनीच दिले असावे. पण त्यांचे खरे दैवत म्हणजे पुढे आठवा एडवर्ड झालेला इंग्लंडचा राजपुत्र. गुडघ्याखाली चार इंच लोंबणाऱ्या फुगीर विजारी आणि नक्षीदार लोकरी स्वेटर घालून तो खेळू लागला आणि अर्ध्या जगाने आपल्या विजारी त्या मापाच्या करून घेतल्या. हाच राजपुत्र 17 नोव्हेंबर 1921 रोजी मुंबईस उतरला तेव्हा शहरात विलायती कापडाची होळी पेटली होती, आणि दोनच दिवसांनी पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला त्याच्या हस्ते बसली. जगातील सर्वांत नटव्या गोल्फकराच्या स्वागतास कापडच जाळले जावे, यात मुंबईकरांची विनोदबुद्धी होती की नाही, हा प्रश्न आम्ही साहेबांना विचारला. त्यांनी विषय बदलून ऑगस्टाच्या हिरव्या कोटाकडे नेला. अमेरिकेतील त्या क्लबाचे सभासद 1937 पासून गर्दीत ओळखू यावे म्हणून हिरवा कोट घालू लागले, आणि 1949 पासून स्पर्धा जिंकणाऱ्यासही तो मिळू लागला. विजेत्याला तो वर्षभर घरी नेता येतो, पुढे क्लबात आणून ठेवावा लागतो. “म्हणजे बघा,” साहेब म्हणतात, “जगातली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकल्यावर काय मिळतं? कोट!” जिंकल्यानंतर कोट मिळतो, तर कोट आधीच घेतल्यास जिंकण्याचा त्रास वाचतो, हा त्यातील गर्भितार्थ त्यांनी बोलून दाखविला नाही, परंतु आचरणात आणलेला आहे.

साहेब दर श्रावणात नागपंचमीसाठी शिराळ्यास येतात. जिवंत नागांच्या पूजेमुळे ही पंचमी देशभर गाजली. वन्यजीवांचा कायदा आणि उच्च न्यायालयाचे निर्बंध आल्यापासून तिचे रूप पालटले, तरी गावची गर्दी आणि अगत्य उणे झालेले नाही. नाग कात टाकतो ती अंग वाढले म्हणून. साहेब दिवसातून तीनदा कात टाकतात ती प्रसंग बदलला म्हणून, जरी वास्तविक अंग त्यांचेही वाढलेलेच असते. पावसाने माळ हिरवागार झालेला असतो, त्याला पाहून त्यांना हिरवळीची आठवण होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पांढरी विजार, जांभळा सदरा आणि जांभळा काठ असलेली टोपी घालून सरावासाठी माळावर दाखल होतात. मागोमाग पोरांची फौज, आणि त्यामागे, म्हशी राखण्याच्या निमित्ताने, निम्मी आळी.

गेल्या पंचमीस तेथे वस्ताद आले. वस्तादांनी एके काळी भल्याभल्यांच्या पाठी मातीला लावल्या आहेत, आणि सत्तरी उलटली तरी मान आणि खांदा यांच्यामध्ये जागा अशी नाही. काठीवर हनुवटी टेकून त्यांनी साहेबांना टोपीपासून जोड्यापर्यंत पाहिले.

“हातमोजा एकच कसा ओ, सायब? दुसरा हारवला व्हय?”

“नाही वस्ताद, या खेळात एकच घालतात.”

“मंग इकत घेताना पैसं बी निम्मंच देत असशीला.”

साहेबांनी एका मोज्याची किंमत सांगितली. वस्ताद बराच वेळ बोलले नाहीत. तेवढ्यात साहेबांनी फटका मारला; चेंडू माळावरून उसळून थेट भाताच्या खाचरात गेला, पोरे चिखलात शिरली, आणि साहेब नेहमीच्या मुद्रेत उभे राहिले. “आता कुणाची वाट बघताय?” वस्तादांनी विचारले. तेव्हा साहेबांनी शेवटचे आणि बिनतोड वाटणारे प्रमाण काढले. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्याचा. त्या मूर्तीच्या कमरेला कोरीव कमरपट्टा आहे. “आपल्या मारुतीरायालासुद्धा कमरपट्टा आहे, वस्ताद. बलोपासनेला पोशाखाचं वावडं नाही!”

वस्तादांनी गावच्या दिशेने हात जोडले आणि मग शांतपणे म्हणाले, “हाय की. पन मारुतीनं आदी डोंगर उचलला, मंग पट्टा बांधला.”

माळावर हशा पिकला. साहेबही हसले, कारण हसताना टोपी हलत नाही हे त्यांना ठाऊक होते. परंतु या निकालाने प्रकरण संपले असे समजणे हा वस्तादांवर नव्हे, साहेबांवर अन्याय झाला असता. कारण त्याच दिवशी दुपारी शेजारच्या गावी कुस्त्यांचे मैदान होते, वस्तादांना पंच म्हणून निमंत्रण होते, आणि आम्ही त्यांना बोलावण्यास गेलो तेव्हा त्यांच्या सोप्यात दोन नातू फेट्याची दोन टोके धरून उभे होते, सून आरसा धरून होती, आणि तुरा डोळ्याच्या किती वर असावा यावर वस्ताद तिसऱ्यांदा फेटा सोडावयास लावीत होते. धोतराला कडक इस्त्री होती. कोल्हापुरी वहाणा तेल पाजून काळ्या केल्या होत्या. आखाड्यात लंगोटावर उभा राहणारा हा पुरुष आखाड्याबाहेर बसावयाचे ठरताच एवढा नटला, यावरून आमच्या सिद्धान्तास एक पुरवणी जोडणे प्राप्त झाले: मनुष्याच्या अंगातून खेळ जितका निघून जातो, तितका तो अंगावर घालण्याच्या वस्त्रांत जमा होतो. वस्तादांचा खेळ वयाने गेला. साहेबांचा मुळात आलेलाच नव्हता. जमेची बाजू मात्र दोघांची सारखीच भरलेली.

आणि विचार केला तर साहेबांना दोष देणे कठीण आहे. वारा त्यांचे ऐकत नाही, गवत ऐकत नाही, चेंडू तर हाताखालच्या कारकुनाहूनही बेमुर्वत. अशा त्या विस्तीर्ण हिरवळीवर सदऱ्याचे बटण तेवढे सांगितलेल्या काजात निमूटपणे जाते. ज्या एका खात्यात हुकूम चालतो त्या खात्याचा कारभार चोख ठेवणे, हे जन्मभर कारभार केलेल्या माणसाने करावयाचे नाही तर कोणी? वस्तादांच्या आक्षेपाचा त्यांनी गांभीर्याने विचार केल्याचेही आम्हांस नंतर कळले. डोंगर उचलण्याची बाब त्यांनी तूर्त तहकूब ठेवली असून, नव्या कमरपट्ट्याला जुळणाऱ्या जोड्याचा तपास जारी आहे.