द्वितीय भाषेच्या रकान्यास खुले पत्र

सन्माननीय रकानासाहेब,
स. न. वि. वि.

उंची जेमतेम अर्धा इंच, मुक्काम प्रवेश अर्जाच्या दुसऱ्या पानावर, रक्तगटाच्या खाली. पण दरारा काय! फौजीचं अख्खं कुटुंब तुम्ही बसल्या जागी दारात उभं करता.

आमचे हे फिल्डला गेले. तिथे बायकापोरं चालत नाहीत, म्हणून दोन्ही लेकरं घेऊन मी भालकीला सासरी आले. थोरली आता सातवीत. तुमच्या कृपेने तिची झालेली भाषिक प्रगती ऐका. पठाणकोटला पंजाबी, कारण पंजाबचा २००८चा कायदा. सिकंदराबादला तेलुगू, कारण तेलंगणाचा २०१८चा. आता इथे कन्नड, कारण कर्नाटकाचा २०१५चा. मराठी सक्तीची करणारा कायदा महाराष्ट्रानेही २०२०मध्ये केला, पण तिथे आमची बदलीच झाली नाही. घरची भाषा सक्तीने शिकायचं भाग्य तेवढं हुकलं.

कन्नडशी माझं भांडण नाही बरं का. भालकीच्या बाजारात मी मराठीत भाव विचारते, कन्नडमध्ये घासाघीस करते आणि दखनीत भांडते. ज्या मुलखात राहायचं तिथली भाषा यायलाच हवी. फक्त हे सगळे कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच गावात बसलेलं लेकरू असतं. दर अडीच-तीन वर्षांनी ट्रंका बांधणारं लेकरू त्यांनी पाहिलेलं नसावं.

तर प्रवेश परीक्षा. थोरलीपुढे कन्नडचा पेपर आला. अक्षरं तेलुगूच्या चुलत बहिणीसारखी, त्यामुळे पोरीने निम्मा पेपर अडखळत वाचला, अंदाजाने समजून घेतला आणि उत्तरं झकास तेलुगूत लिहिली. बाईंनी पेपर सरळ धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, मग शेजारच्या बाईंना दाखवला. मार्क मिळाले दोन. बहुधा नाव बरोबर लिहिल्याचे.

“केंद्रीय विद्यालयात का नाही घालत, मॅडम?” कारकुनाने विचारलं. घालेन की. बदलीवाल्यांच्या मुलांसाठीच तर १९६३पासून ती योजना चालू आहे, आणि तिथे तुमचं फारसं चालत नाही. बीदरच्या हवाई दलाच्या तळावर आहे एक. वर सूर्यकिरणची हॉक विमानं घिरट्या घालतात, खाली लेकरं हिंदी, इंग्रजी, संस्कृत शिकतात. पण भालकीहून ते पस्तीस-चाळीस किलोमीटर. धाकटा सहा वर्षांचा आहे, त्याला विमानाने सोडायची सोय हवाई दलाने अजून केलेली नाही.

आत्याबाई म्हणाल्या, “मराठी शाळेत घाल. याचा बाप तिथंच शिकला.” खरंय. पण उद्या जोरहाटला बदली झाली तर मराठी माध्यमाची आठवी कुठल्या चहाच्या मळ्यात शोधू? शेजारणीचा सल्ला उदगीरचा. राज्य ओलांडलं की तुम्ही कपडे बदलून तिथेही हजर, हे तिला कुठे माहीत!

आणि बारावीनंतरचं? सीमाभागातल्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, म्हणून इथल्या मराठी मुलांना इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात वेगळी सोय आहे. अट एवढीच की मातृभाषा मराठी हवी. तीन राज्यांच्या भाषा गुणपत्रिकेवर मिरवणारी आमची कन्या तेव्हा मराठी असल्याचा काय पुरावा देणार? आजीशी भांडताना ऐकवावं लागेल.

साहेब, हा सगळा मुलूख १९५६ला म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला २००४मध्ये, आणि तो अजून तिथेच आहे. त्यांना कुणी घाई करत नाही. तुम्हाला मात्र आमच्या लेकराची दुसरी भाषा सोमवारी दुपारी बाराच्या आत हवी आहे, तीही कॅपिटल अक्षरांत.

बरं, लिहिते. तूर्त पेन्सिलीने ‘कन्नड’ भरते आहे. यांची पुढची ऑर्डर आली की खोडेन. खोडरबर शाळेकडून मिळतं की ते पालकांनीच आणायचं, तेवढं परतटपाली कळवावं.

लोभ आहेच, तो थोडा कमी करावा ही विनंती.

आपली,
एक फौजीण, तालुका भालकी