पादरा: अर्ध्या अल्बमचं अंतर

बडोद्याहून पादरा सोळा-सतरा किलोमीटर. पण आमच्या 'दाढी' नावाच्या मित्राच्या गाडीत किलोमीटर चालत नाहीत. तिथे अंतर अल्बममध्ये मोजतात. अहमदाबाद म्हणजे स्मॅशिंग पम्पकिन्सचा 'मेलन कॉली', दोन सीड्या, 28 गाणी. भरूच म्हणजे रेडिओहेडचा 'ओके कम्प्युटर', आणि तो संपल्यावर थोडं भांडण. पादरा म्हणजे निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड', अर्धा. अटलादऱ्याला वाहतूक तुंबली तर पाऊण.

गावाच्या नावावरून तुम्हाला जे विनोद आत्ता सुचले, ते बडोद्याच्या मराठी घरांतल्या तिसरीतल्या पोरांनी कधीच करून संपवलेत. मी त्यात भर घालणार नाही.

निमित्त तोंडल्यांचं होतं. दाढीच्या भाचीचं केळवण होतं आणि वहिनींना मसालेभाताला दोन किलो कोवळी तोंडली हवी होती. ती खंडेराव मार्केटातही मिळतात. महापालिकेची कचेरी त्या वाड्यात असली तरी सयाजीराव महाराजांच्या काळापासून भाजी तिथे विकली जातेच आहे. पण आमच्यातला वकील मूळचा पादऱ्याचा पटेल. त्याच्या मते पादऱ्याची नसलेली भाजी ही भाजी नसते, नुसती हिरवी असते. तेव्हा जायचं तर थेट पादऱ्यालाच.

चौथा ऑकलंडकर. जन्म दांडियाबाजारातला, शिक्षण सयाजीराव विद्यापीठातलं, नोकरी न्यूझीलंडात, आणि तिथे गेल्यावर रग्बीची दीक्षा घेतलेला. 2023च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंड दक्षिण आफ्रिकेकडून 12-11 असं हरलं. कर्णधारालाच लाल कार्ड मिळालं, उरलेले चौदाजण लढले आणि एका गुणाने गेले. हा प्रसंग तो अजून सुतकातल्या माणसासारखा सांगतो. पहिल्यांदा ऐकल्यावर वकिलाने चेहरा पाडून विचारलं होतं, "बरेच दिवस आजारी होते का?"

अकोट्याचा पूल ओलांडेपर्यंत ऑकलंडकराने आम्हाला नियम समजावले. पंधरा गडी. चेंडू लांबुळका. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण हाताने फेकायचा तो मागे किंवा बाजूला. पुढे फेकला की गुन्हा.

"म्हणजे सरकारी फाइल," वकील म्हणाला. "प्रत्येकजण मागच्याच्या हातात देतो, आणि काम पुढे चाललंय असं म्हणतो."

"हा खेळ आपला नाही रे," मी म्हणालो. ऑकलंडकर याचीच वाट बघत होता. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या करंडकासाठी एकमेकांची हाडं मोडतात त्याचं नाव कलकत्ता कप. 1870च्या दशकात कलकत्त्यातल्या इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. चार-पाच वर्षांत तो आटला, तेव्हा सभासदांनी बँकेतून शिल्लक काढली, चांदीचे 270 रुपये, ते वितळवून करंडक घडवला आणि इंग्लंडला धाडून दिला. दांड्यांच्या जागी तीन नाग, झाकणावर हत्ती. 1879पासून त्यासाठी सामने चालू आहेत. "म्हणजे आपल्याच रुपयांवर खेळतायत ते!"

"पण क्लब आटला का?" वकिलाने उलटतपासणी सुरू केली.

ऑकलंडकर जरा घुटमळला. पोलो आणि टेनिस त्या हवेला जास्त मानवायचे, वगैरे. मग खरं कारण आलं. क्लबात सभासदांना दारू फुकट असायची. ती बंद झाली आणि सभासद गळाले.

वकिलाने मागे टेकून डोळे मिटले. "संपलं. गुजरातेत 1960पासून दारूबंदी. रग्बी इथे येणं नाही."

मग तो बडोद्याच्या अभिमानावर आला. 1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापून सामने भरवले, तेव्हा तुमचे ऑल ब्लॅक्स काय करत होते? ऑकलंडकर म्हणाला, रग्बी खेळत होते. वकिलाने ते नोंदवून घेतलं नाही. कबड्डीत सात गडी, चेंडू नाही, खर्च नाही, आणि पकड तीच. शिवाय तुमचे लोक सामन्याआधी मांड्या थोपटून ओरडतात ते हाका की काय. आधीच दम घालवायचा! आमचा गडी ओरडतो ते समोरच्याच्या अंगणात जाऊन, एका श्वासात, हात मारता मारता.

दाढी या सगळ्यात नव्हता. तो ललित कला शाखेतून बाहेर पडलेला माणूस, अल्बम मधून तोडायचा नाही या एकाच धर्माचा. कुणी गाणं पुढे सरकवलं की गाडीचा वेग कमी करतो. 'नेव्हरमाइंड' सप्टेंबर 1991चा, सीडीही जवळपास तेवढीच जुनी, तिचं कव्हर त्याने वकिलाच्या हातात दिलं. निळ्या पाण्यात बुडालेलं तान्हं पोर आणि समोर गळाला लावलेली डॉलरची नोट.

वकिलाने चष्मा वर करून ते नीट पाहिलं. "पोहता येत नाही, अंगावर कपडे नाहीत, पण नजर डॉलरवर. हे आमच्या चरोतरच्या काकांकडचं दिसतंय."

पादऱ्याच्या भाजी बाजारात आम्ही पोचलो तेव्हा गर्दी ओसरत आली होती. एका टेम्पोतून कच्च्या पपया उतरत होत्या. गाठियाबरोबर जो संभारो देतात त्याला त्या लागतात. टेम्पोत एक हमाल, फळीवर दुसरा, जमिनीवर ढिगाशी तिसरा. पपई पहिल्याच्या हातून सुटायची, दुसरा तिच्याकडे न बघताच पुढे टोलवायचा, तिसरा झेलून ढिगावर लावायचा. तिघांनीही तळहाताला चिंध्या गुंडाळल्या होत्या, कारण देठाशी पांढरा चीक येतो आणि दिवसभर तो हाताला लागला की कातडं सोलतं. ऑकलंडकर देवळात आल्यासारखा थांबला. आकार तोच, झेल तोच, बोटं पसरण्याची पद्धतसुद्धा तीच, असं त्याचं म्हणणं. मग त्याच्याने राहवेना. "फॉरवर्ड पास!" तो ओरडला.

फळीवरच्या हमालाने हात थांबवला. वकिलाने गुजरातीतून नियम समजावला. हमालाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, मागे फेकली तर परत टेम्पोत जाईल."

तरी त्याने पाहुण्याचं मन मोडलं नाही. एक पपई हळूच ऑकलंडकराकडे सोडली. ती त्याने शास्त्रशुद्ध छातीशी धरली. पांढऱ्या शर्टावर चिकाचा ओघळ उतरला आणि आमच्यादेखत तपकिरी व्हायला लागला.

तोंडल्यांचा व्यापारी मणाचा भाव सांगत होता. गुजरातेत मण वीस किलोंचा. दोन किलो मागितल्यावर त्याने आमच्याकडे अशा करुणेने पाहिलं की मलाच मण घ्यावासा वाटला. वकील घासाघीस करू लागला, तर दाढी मध्ये पडला. भाव करणं हेच त्याला मान्य नाही. त्याने व्यापाऱ्याला रेडिओहेडची गोष्ट सांगितली. 2007मध्ये त्यांनी 'इन रेनबोज' नावाचा अल्बम इंटरनेटवर ठेवला आणि सांगितलं, वाटेल तेवढे पैसे द्या, शून्यसुद्धा चालेल. ग्राहकावर विश्वास!

व्यापाऱ्याने ताजवा खाली ठेवला. "लोकांनी दिले?"

"काहींनी दिले, काहींनी नाही."

"मग पुढचा माल?"

दाढी प्रामाणिक माणूस. "2011मध्ये पुढचा अल्बम आला. त्याला किंमत लावली."

"बस," व्यापारी म्हणाला, "मी तो दुसऱ्या खेपेचा," आणि एक मण तोंडली तोलली.

नंतर सेव-उसळ. ही बडोद्याकडची खाशी चीज. नाव मराठी, शेव गुजराती, तर्री स्वतः घालून घ्यायची, सोबत पाव. गाडीवाला कशालाही "थई जशे" म्हणत होता. तिखट कमी? थई जशे. कांदा जास्त? थई जशे. सुट्टे नाहीत? तेही थई जशे. दाढी म्हणाला, अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अथेन्स गावी एक खाणावळ आहे, तिचा मालक ऑर्डर घेतली की "ऑटोमॅटिक" म्हणायचा आणि त्याचं ब्रीदवाक्य दुकानाच्या पाटीवर होतं, आर.ई.एम.ने तेच उचलून 1992च्या अल्बमला 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' नाव दिलं. तेव्हा 'थई जशे' या नावाचे हक्क आजच घेऊन ठेवावेत. गाडीवाल्याला विचारलं. तो काय म्हणाला ते सांगायला नको.

इतकं आलोय तर रणूला तुळजाभवानीचं दर्शन घेऊ, असं मीच सुचवलं. पादरा तालुक्यात तुळजाभवानी! मराठी माणसाने चुकवायची कशी? गाडी निघाली आणि अल्बम जिथे थांबला होता तिथून सुरू झाला. इथे एक तांत्रिक बाब सांगायला हवी. 'नेव्हरमाइंड'चं शेवटचं गाणं संपलं की सीडीवर दहाएक मिनिटं निव्वळ शांतता आहे, आणि त्यानंतर यादीत नसलेलं एक गाणं, 'एंडलेस, नेमलेस'. गाणं कसलं, वाद्यांची मारामारी. पहिल्या काही प्रतींत ते चुकून राहूनच गेलं होतं. दाढीच्या प्रतीत राहिलं नव्हतं. पण पादऱ्याला पोचेपर्यंत अर्धाच अल्बम होतो, त्यामुळे आमच्यापैकी कुणाची त्याच्याशी ओळख नव्हती.

देवळाशी पोचताना शेवटचं गाणं संपलं. आम्ही तिघे आत गेलो. ऑकलंडकर शर्ट बदलायला गाडीत राहिला. स्टिरिओ गप्प आहे म्हणजे बिघडला असं वाटून त्याने आवाजाची खुंटी पूर्ण फिरवून पाहिली, तरी काही ऐकू येईना, मग खिडक्या उघड्या टाकून तो शर्टाची बटणं लावत बसला.

आम्ही प्रसाद घेऊन बाहेर येत होतो. तेवढ्यात निर्वाणाचा कर्ट कोबेन फुटला. कबुतरं उडाली. दोन रिक्षावाले पळत आले. गाडीच्या खिडकीतून अर्धा शर्ट घातलेला ऑकलंडकर बाहेर झुकून दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होता, पण ते ऐकू येणं शक्य नव्हतं. नारळवाल्या बाईंनी मात्र नारळ मोजणं थांबवलं नाही. वकिलाला त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्याबरोबरचे का? अंगात आलंय?"

"न्यूझीलंडचे आहेत," वकील म्हणाला.

"मग नारळ दोन लागतील."

घरी वहिनींनी दोन किलो तोंडली निवडून घेतली आणि उरलेल्या अठरा किलोंकडे बघून काही बोलल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. दाढीने तत्त्व सोडलं नाही. सोसायटीच्या फाटकाशी टोपली ठेवली आणि पुठ्ठ्यावर मराठी-गुजरातीत लिहिलं: वाटेल ते द्या. संध्याकाळी पाहिलं तर पैसा एक नव्हता. तोंडली मूठ-दोन मूठ कमी झालेली, आणि त्यावर कुणीतरी ठेवलेली गवारीची जुडी, अर्धा कोबी आणि एक दुधी. बडोद्यात पादऱ्याचा नातेवाईक कुणाला नसतो?

वकिलाने दुधी नखाने टोचून पाहिला. "हाही आमच्याकडचाच."

ऑकलंडकराने तो त्याच्या हातून घेतला, काखेत मारला आणि लिफ्टच्या दिशेने धूम ठोकली. रग्बी म्हणजे काय ते एकदा दाखवतोच, असं ओरडत. वॉचमन नवीन होता, पंचमहालचा, त्याला एवढंच दिसलं की अनोळखी माणूस भाजी घेऊन पळतोय. त्याने खुर्चीतून उठण्याचेही कष्ट घेतले नाहीत, वाकून नुसता घोटा धरला.

"पकडीचा गुण एक," वकील पायरीवर बसल्या बसल्या म्हणाला. "परत एकाच गुणाने गेले."