एचडीआरचा स्टिकर आणि ओली उदबत्ती

कामोठ्यात, मानसरोवर स्टेशनपासून चालत येण्याच्या अंतरावर, सिडकोच्या आखीव सेक्टरमधल्या एखाद्या हॉलमध्ये नवा टीव्ही यायचा ठरतो, तेव्हा आधी भिंतीचे माप घेतले जाते, मग खिशाचे. चित्राची पाळी शेवटी. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि 43 इंचांवर अडलेली स्वप्ने 55 इंचांकडे सरकली.

खोक्यावर ‘एचडीआर10’ छापलेले असते. एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारे चित्र. छापण्याचा अर्थ एवढाच, की टीव्हीला त्या चित्राचा सिग्नल वाचता येतो. नीट दाखवता येतोच असे नाही. लग्नपत्रिका वाचता येणे वेगळे, पंगतीत पान मिळणे वेगळे.

एचडीआर चित्रपटांचे रंग बहुधा 1000 निट्स (पडद्याच्या उजेडाचे माप) किंवा त्याहून जास्त उजेड धरून ठरवलेले असतात. स्वस्त टीव्ही 250-300 निट्सवरच धापा टाकतो. त्यात लोकल डिमिंग, म्हणजे पडद्यामागचा उजेड झोनझोनने कमी-जास्त करण्याची सोय, नसेल तर अमावस्येची रात्र राखाडी आणि दिवाळीचा फटाका ओल्या उदबत्तीसारखा. शोरूममध्ये मात्र ‘व्हिव्हिड’ मोडवर पोपट इतका हिरवा दिसतो, की खऱ्या पोपटाने लाजावे.

एवढे करून घरी लागते काय? केबलवरची संध्याकाळची मालिका, तीही साध्या, एचडीआर नसलेल्या प्रक्षेपणात. सासूबाईंच्या डोळ्यांतल्या अंगाराला तिथे निट्स कधीच कमी पडलेले नाहीत.

तरीही घ्यायचाच असेल, तर विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत: निट्स किती आणि डिमिंगचे झोन किती? ‘साहेब, साउंडबार फ्री आहे’ असे उत्तर आले, तर सरळ पुढचे दुकान गाठावे.