अजिंक्य संघाच्या चाहत्यांसाठी माहितीपत्रक

2012 साली विजेतेपद मिळवल्यापासून पुणे मराठाज हा संघ कोणाकडून हरल्याचं ऐकिवात नाही. खेळल्याचंही ऐकिवात नाही, पण तो तपशील झाला. इतका निर्वेध लौकिक ना मुंबई इंडियन्सकडे आहे ना चेन्नईकडे. नाशिकच्या होतकरू चाहत्याने कोणत्या संघामागे आयुष्य घालवावं, असं आम्हाला वारंवार विचारलं जातं (विचारणारे गृहस्थ एकच आहेत, पण ते वारंवार विचारतात). त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासारखा आणखी कोणी असलाच तर त्याच्यासाठी, हे माहितीपत्रक.

आधी इतिहास. ऑगस्ट 2011 मध्ये घोषणा झाली की भारताला अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग मिळणार आहे. नाव ठरलं एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया. भारताने ती मागितली होती का, ही चौकशी त्या आनंदाच्या प्रसंगी कोणी केली नाही. पाठीशी उभी राहिलेली नावं भारदस्त होती. शिकागो बेअर्सना सुपर बोल जिंकून देणारे प्रशिक्षक माइक डिट्का, एके काळी फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक असलेला रॉन जॉवर्स्की, हॉलिवूडचा नट मार्क वॉलबर्ग आणि ग्रीन बे पॅकर्सकडून खेळलेला ब्रँडन चिलार, ज्याचे वडील भारतीय. हिशेब काय झाला असेल ते ओळखायला अवघड नाही. त्या वर्षीच्या जनगणनेत आपण 121 कोटी भरलो होतो. शंभरातल्या एकाने टीव्ही लावला तरी एक कोटी एकवीस लाख. हा भागाकार भारतात धंद्याला येणारा प्रत्येक पाहुणा विमानातच करतो आणि पट्टा सुटेपर्यंत श्रीमंत झालेला असतो.

संघ आठ. पुण्याला मराठाज, मुंबईला ग्लॅडिएटर्स, दिल्लीला डिफेंडर्स. भुवनेश्वरला मिळाला, कोलंबोलाही मिळाला. नाशिकला नाही. आम्ही तेव्हाही काही बोललो नाही. विमानसेवा, आयटी पार्क, मेट्रो आणि पुण्याची रेल्वे यांच्या रांगेत फुटबॉल संघाला मागे उभं केलं आणि घरी आलो.

पहिला हंगाम 2012 मध्ये झाला. पुण्याचा संघ, पैसा अमेरिकेचा आणि बहुतेक सामने श्रीलंकेत, कोलंबोला. तिथे खेळायचं, चित्रण करायचं आणि मागाहून टेन स्पोर्ट्सवर दाखवायचं, अशी योजना. चाहत्याच्या दृष्टीने याचे फायदे लक्षात घ्या. तिकिटाची मारामारी नाही, पार्किंग नाही, तटबंदीवर चढलेल्या पोरांना खाली उतरवणारे पोलीस नाहीत. निकाल आधीच लागून गेलेला असल्यामुळे देव पाण्यात ठेवायलाही वाव नाही. पुणेकराला आपला संघ पाहायला समुद्र ओलांडावा लागत होता, ही गोष्ट नाशिकमध्ये कोणी फारशी मनाला लावून घेतली नाही हेही इथे नोंदवायला हवं.

अंतिम सामन्यात मराठाजने दिल्ली डिफेंडर्सना 6-0 असं हरवलं. महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली ती 1771 मध्ये. त्यानंतर मराठ्यांनी दिल्लीवर इतका निर्विवाद विजय मिळवायला 2012 उजाडलं, आणि शनिवारवाड्यासमोर साधा फटाका वाजल्याचं कोणाला आठवत नाही. आमच्याकडून ढोल मागवले असते तर आम्ही रात्रीतून पाठवले असते. नाशिक ढोल त्यासाठीच तर आहे.

आता खेळाचे नियम. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान. चेंडू हातात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार प्रयत्न. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की सहा गुण. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्या वेळी शहाणे लोक चेंडूला लाथ घालून तो जमेल तितक्या लांब, दुसऱ्याच्या गळ्यात टाकतात. नाशिकमध्ये खड्ड्याची तक्रार एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जाताना ज्याने पाहिली आहे, त्याला हा डाव वेगळा शिकवावा लागणार नाही. सामना कागदावर साठ मिनिटांचा, चालतो तीन तासांहून जास्त, आणि चेंडू प्रत्यक्षात हलतो तो जेमतेम अकरा मिनिटं. उरलेल्या वेळात जाहिराती असतात आणि अंगाने भक्कम माणसं घोळक्याने उभी राहून चर्चा करतात.

नियम एवढे पुरेत. चाहत्याला नियम लागत नाहीत, त्याला आपलं गाव लागतं. आणि खरी गोची तिथेच आहे.

कारण आपला हक्काचा संघ आता आपल्याला मिळालेला आहे. 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमिअर लीग सुरू झाली आणि क्रिकेटमध्ये ईगल नाशिक टायटन्स अवतरले. कर्णधार राहुल त्रिपाठी. ऊर भरून आला. मग वेळापत्रक पाहिलं. सामने गहुंजेला. म्हणजे सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असं करत दोनशे किलोमीटर गाडी हाकायची, पुण्याच्या वेशीवर पोचायचं आणि मग आपल्या घरच्या संघाला घरच्यासारखा पाठिंबा द्यायचा. इकडे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचे सामने झालेले आहेत, गवत हिरवं आहे, बाहेर चहा मिळतो. पण फ्रँचायझीच्या शास्त्रात गावाचं नाव हे जर्सीच्या छातीवर लावायचं असतं, तिथे जायचं नसतं.

एडिसनला राहणाऱ्या आमच्या भाच्याने फोनवर समजूत घातली. म्हणाला, ‘मामा, तुम्ही उगाच जिवाला लावून घेता. इथे न्यू यॉर्क जायंट्स आणि न्यू यॉर्क जेट्स, दोघांचीही मैदानं न्यू जर्सीत आहेत. दोघांचं मिळून एकच आहे खरं तर. आमच्या घरापासून जवळ पडतं.’ म्हणजे जगातलं सगळ्यात दिमाखदार शहर आपले दोन्ही संघ शेजारच्या राज्यात ठेवतं आणि बिनदिक्कत आपले म्हणतं. आम्हाला जरा बरं वाटलं. मग त्यानेच पुढे सांगितलं की बाल्टिमोरचा कोल्ट्स हा संघ मार्च 1984 मध्ये एका रात्रीत ट्रक भरून इंडियानापोलिसला निघून गेला, शहर सकाळी उठलं तेव्हा कचेरी रिकामी होती. हे ऐकल्यावर पुन्हा झोप उडाली.

पुणेकरांना मात्र यात नवं काही वाटणार नाही. आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स 2011 ला आले, 2013 ला गेले. रायझिंग पुणे सुपरजायंट्स 2016 ला आले, पुढच्या वर्षी नावातला शेवटचा ‘स’ कमी करून अंतिम सामन्यात पोचले, मुंबईकडून एका धावेने हरले आणि गेले. एफसी पुणे सिटी 2019 ला गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. टिकली ती एकटी पुणेरी पलटण, कारण कबड्डीला लागणारं सामान मुळातच कमी. 2024 च्या मार्चमध्ये तिने प्रो कबड्डी जिंकलीदेखील. ज्या शहरात संघ भाडेकरूसारखे अकरा महिन्यांच्या करारावर राहतात, तिथला एक संघ जिंकून, कोणालाही त्रास न देता, थकबाकीचा गलबला न करता दिसेनासा झाला, तर त्याला जास्तीत जास्त मान मिळायला हवा. मराठाजच्या बाजूने आमचा हा सर्वांत जोरकस मुद्दा आहे.

पण निष्ठा म्हणजे काय हे ज्याला खरोखर पाहायचं आहे, त्याने विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेची गोष्ट ऐकावी. गाव केवढं? साधारण एक लाख वस्तीचं. आपलं नाशिक 2011 च्या जनगणनेत जवळपास पंधरा लाखांचं होतं. या लाखभर वस्तीच्या गावात पॅकर्स हा संघ 1919 पासून आहे, आणि मैदानात ऐंशी हजारांहून जास्त माणसं बसतात. म्हणजे सामन्याच्या दिवशी घरफोडी करणाऱ्याला कोणाच्याही घरी जाता येईल, पण तोही मैदानात असतो. हंगामाच्या तिकिटांसाठी लाखाहून जास्त नावं प्रतीक्षा यादीत आहेत. मूल जन्मलं की बाप आधी त्याचं नाव त्या यादीत घालतो. आपल्याकडे ही घाई फक्त इंग्रजी शाळेच्या नर्सरीसाठी होते.

आता खरी गंमत. हा संघ कोणा उद्योगपतीच्या मालकीचा नाही. 1923 पासून तो लोकांच्या शेअरांवर चालतो. पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. कोणालाही फार शेअर घेऊन संघ खिशात घालता येत नाही, तशी मर्यादाच आहे. दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभा होते, तीही मैदानात, आणि भागधारक टोप्या घालून सहकुटुंब येतात. हे वाचून नाशिक, नगर, सांगली, कोल्हापूरच्या वाचकांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. अहो, हा सहकारी साखर कारखाना आहे! फक्त धुराडं नाही.

फरक आहेत. आपल्याकडे सभासदाला दिवाळीला सवलतीची साखर मिळते. ग्रीन बेच्या भागधारकाला लाभांश नाही, शेअर नफ्याने विकता येत नाही, तिकिटात सूट नाही, यादीतला नंबर वर सरकत नाही. 2021 मध्ये शेवटची विक्री झाली तेव्हा एका शेअरची किंमत 300 डॉलर होती. त्या बदल्यात मिळतो तो भिंतीवर लावायचा कागद. तरी लोकांनी रांगा लावल्या. भागधारकाच्या पदरात काहीही न पडता संस्था शंभर वर्षं चालवता येते आणि वर लोक खूश असतात, हे आपल्या संचालक मंडळांना अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही, सांगू नये. आणि उलट, पॅकर्सची सभा आमच्या पद्धतीने चालवली, तर काय होईल याचीही कल्पना करून पाहा. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. क्वार्टरबॅकची नेमणूक रोजंदारीवर की कायम, यावर चर्चा. शेतकरी विकास पॅनेल विरुद्ध परिवर्तन पॅनेल. आयत्या वेळच्या विषयांत चौथ्या प्रयत्नाऐवजी पाचवा मिळावा असा ठराव, टाळ्यांच्या गजरात मंजूर. मागच्या रांगेत माइक बंद पडल्याचा आरोप.

पॅकर्स हे नाव आलं तेही एका कारखान्यावरून. कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने आपल्या मालकांकडून जर्सीसाठी 500 डॉलर मागून घेतले, आणि ती मांस डबाबंद करणारी कंपनी होती. तिचं नाव, विश्वास ठेवा, इंडियन पॅकिंग कंपनी. आपला तिच्याशी काडीचा संबंध नाही, पण मूळ गोत्र शोधणाऱ्या संशोधकांना एवढं पुष्कळ झालं.

आमची सूचना इथूनच सुचली. आपल्याकडच्या लीगमध्ये जो उठतो तो योद्धा होतो. वॉरियर्स, ग्लॅडिएटर्स, टायटन्स, रॉयल्स. बॅट धरणाऱ्या पोराच्या पाठीवर तलवार. ग्रीन बेने मात्र आपण पोटासाठी काय करतो तेच नाव म्हणून लावलं आणि शंभर वर्षं मिरवलं. मग नाशिकने टायटन का व्हावं? दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या पट्ट्यात द्राक्षांची पॅकहाउसं आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे बायका सकाळपासून उभ्या राहून घड निवडतात, खराब मणी कात्रीने काढतात, पेट्या भरतात, आणि कंटेनर युरोपला जातात. जगात पॅकर्स हे नाव लावायचा दुसरा हक्क कोणाचा असेल तर तो दिंडोरीचा. ग्रीन बेचे चाहते चीजच्या तुकड्याच्या आकाराची पिवळी टोपी घालून बसतात, कारण विस्कॉन्सिन चीजसाठी प्रसिद्ध. आपण कांद्याची टोपी घालू. लासलगावला तिची किंमत रोज सकाळी लिलावात ठरेल, आणि निर्यातबंदी लागली की टोप्या रस्त्यावर ओतता येतील.

सामने पाहण्याची सोय अशी. सुपर बोल अमेरिकेत रविवारी संध्याकाळी असतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला. हा मुहूर्त नाशिकच्या जीवनक्रमाला चांगला मानवतो. पाचला पहिला चेंडू. ज्यांना जॉगिंग ट्रॅकला जायचं आहे त्यांनी जावं, काही चुकणार नाही. मध्यंतर पावणेसातच्या सुमारास. तिथे मैदानाबाहेर गाड्या उभ्या करून, डिकी उघडून मांस भाजण्याची प्रथा आहे. आपण मखमलाबाद रोडला मिसळीवर जाऊ, रस्सा दोनदा मागवू, पापड मोडू, परत येऊ. सामना तिथेच असेल. शिवाय 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉलही आहे. कमरेच्या फडक्याला हात घालून ते ओढून काढायचं, असा तो खेळ. पंचवटीत रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारणाऱ्या आमच्या मंडळींनी हे कौशल्य कपड्यांसकट कित्येक पिढ्या जोपासलेलं आहे. निवड समितीने नोंद घ्यावी.

शेवटी सभासदत्वाविषयी. ‘पुणे मराठाज चाहते मंडळ, नाशिक शहर व जिल्हा’ याची स्थापना झालेली आहे. एक अध्यक्ष, एक कार्याध्यक्ष, चार उपाध्यक्ष, सरचिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, प्रसिद्धिप्रमुख, युवा आघाडी प्रमुख, मार्गदर्शक आणि ज्येष्ठ मार्गदर्शक यांची नियुक्ती पूर्ण झाली असून, मुंबई नाक्यावर सर्वांचे फोटो असलेला फ्लेक्सही लागला आहे. संघाचा फोटो जागेअभावी घेता आला नाही. साध्या सदस्याची एक जागा अजून रिकामी आहे. इच्छुकांनी ओळखपत्र आणि दोन फोटो घेऊन संध्याकाळी सातनंतर कट्ट्यावर यावं, वर्गणी आगाऊ.